बरगीच्या काठावर बारा गाणी

दादा-वहिनींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. पाहुणे नकोत, मध्य प्रदेशातल्या बरगी धरणाच्या जलाशयाकाठी दोघंच एक संध्याकाळ घालवू, असं त्यांनी ठरवलं. गाणी निवडायचं काम माझ्याकडे आलं.

आदल्या दिवशी छोटा स्पीकर घेऊन मी जलाशयाकाठच्या एका गच्चीवर गेले. 1990मध्ये पूर्ण झालेल्या धरणामागे नर्मदेचं पाणी लांबवर पसरलेलं, वारा मोकळा. घरी भरदार वाटणारी गाणी इथे पातळ लागली. उघड्यावर आवाज परतवायला भिंती नसतात. शिवाय आवाज हळू ठेवला की खर्ज कानाला फारच कमी ऐकू येतो. मोठ्या वाद्यमेळाची गाणी त्यामुळे नुसती किणकिणतात. टिकतो तो गळा, बासरी, संतूर. निम्मी यादी तिथेच गळाली. स्पीकर गच्चीच्या कठड्याला टेकवल्यावर थोडा खर्ज परत आला.

मग शब्द तपासले. चाल गोड असली की गाणं विरहाचं आहे हे पटकन ध्यानात येत नाही. अशी तीन काढली. एक गाणं ऐकताच वहिनी म्हणाली, ‘‘हे नको गं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा शेजारी रोज लागायचं.’’ ते मला कधीच कळलं नसतं. मग तिला विचारलं, तुमच्या पहिल्या घरात काय वाजायचं? ती हसली. ‘‘भाड्याच्या खोलीत रेडिओच होता. रात्री दहाला छायागीत लागलं, की हे दिवा घालवायचे.’’

तिथे मला वाट सापडली. रेडिओवरच्या विविध भारतीने रात्र चढेल तशी गाणी शांत होत जातील अशीच मांडणी केली होती: दहाला छायागीत, अकराला बेला के फूल. आपल्या रागसंगीतातही प्रहराचं हेच भान आहे. म्हणून सूर्यास्तानंतर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या 1967च्या ध्वनिमुद्रिकेतला भूप ठेवला. शब्द नसल्याने बोलणं अडत नाही. पुढे छायागीतात ऐकलेली जुनी हिंदी गाणी. शेवटी ‘शुक्रतारा’. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, आणि गाणारे अरुण दाते मूळचे इंदूरचे, म्हणजे आम्हा मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांच्या घरचेच. सोबत सुधा मल्होत्रा. युगुलगीतात दोघांचाही वाटा असतो, म्हणून ते हवंच होतं.

मध्येच जाहिरात लागू नये आणि नेटवर्क गेलं तरी अडू नये, म्हणून सगळी गाणी फोनमध्ये उतरवून घेतली.

यादीत बारा गाणी होती. त्यांनी सहा ऐकली, स्पीकर बंद केला आणि साडेआठपर्यंत बोलत बसले. ‘शुक्रतारा’पर्यंत यादी पोचलीच नाही, आणि मला त्याचा आनंदच झाला. कुणासाठी अशी गाणी निवडणार असाल, तर आधी त्यांना त्यांच्या आठवणी विचारा. आणि यादी छोटी ठेवा.