साखरशाळा

साखरशाळा म्हणजे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कामगारांच्या मुलांकरिता साखर कारखान्याच्या परिसरात गळीत हंगामापुरती चालवली जाणारी शाळा होय. साखरशाळा आणि तिला पर्याय म्हणून पुढे आलेले हंगामी वसतिगृह या महाराष्ट्रातील दोन्ही व्यवस्थांचा उद्देश या मुलांचे शिक्षण खंडित होऊ न देणे हा आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते, तर गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा चालतो. त्यामुळे आईवडिलांसोबत जाणाऱ्या मुलांचे जवळजवळ संपूर्ण दुसरे सत्र बुडते. मुकादमाकडून उचल घेतलेले पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. दोघेही पहाटेपासून फडात असल्याने धाकट्या भावंडांचा सांभाळ व स्वयंपाक मोठ्या मुलींवर येतो आणि मोठी मुले मोळ्या बांधण्यास हातभार लावतात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात या स्थलांतराची दोन्ही टोके आढळतात. पाथर्डी व जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांतून मजूर बाहेर पडतात. याउलट मुळा धरणाच्या कालव्यामुळे बागायती झालेल्या नेवासा तालुक्यात सोनई येथील मुळा आणि भेंडे येथील ज्ञानेश्वर हे सहकारी साखर कारखाने आहेत.

स्वरूप

साखरशाळा कामाच्या ठिकाणी भरते. हंगामी वसतिगृहामुळे मूल स्वतःच्या गावीच राहून नेहमीच्या शाळेत जाते. वसतिगृहात भोजन, निवास व देखरेखीची सोय केली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली.

कायदेशीर आधार

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयोगटातील मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश, मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण आणि दुसऱ्या शाळेत बदली मिळण्याचा हक्क त्यात आहे. बदलीचा दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. या अधिनियमानंतर स्वतंत्र हंगामी शाळेऐवजी जवळच्या नियमित शाळेत प्रवेश देण्यावर भर आला.

अध्यापनाची गुणवत्ता

भोजन व निवासामुळे मूल शाळेपर्यंत पोहोचते. मात्र केवळ उपस्थितीने अभ्यासातील तूट भरून निघत नाही. एकाच वर्गात अक्षरओळख नसलेले आणि सलग उतारा वाचणारे अशी दोन्ही मुले असू शकतात. अशा वेळी इयत्तेऐवजी वाचन व गणनाच्या प्रत्यक्ष पातळीनुसार गट पाडून शिकवणे उपयुक्त ठरते. भारतात ‘प्रथम’ या संस्थेने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली आहे. वसतिगृहातील संध्याकाळचा वेळ नियमित सरावासाठी वापरता येतो; वर्गशिक्षकाने मुलाच्या अडचणी वसतिगृहातील मार्गदर्शकास कळवल्यास तो सराव नेमका होतो. स्थलांतरित मुलाची प्रगती-नोंद त्याच्यासोबत नव्या शाळेत जाणे आणि हंगामानंतर परत येणे तितकेच आवश्यक असते. अन्यथा प्रत्येक शाळेत त्याची सुरुवात पहिल्यापासून होते. आरोग्य, आहार व कुटुंबसाहाय्य यांची अध्यापनाशी सांगड घालणाऱ्या अमेरिकेतील ‘समुदाय शाळां’मागेही हेच सूत्र आहे.

मर्यादा

बैलगाडीने ऊस वाहणारी कुटुंबे हंगामभर कारखान्याजवळच्या तळावर राहतात. ट्रक-ट्रॅक्टरसाठी तोडणी करणाऱ्या टोळ्या मात्र गावोगावच्या फडांजवळ विखुरलेल्या असतात व वारंवार जागा बदलतात, त्यामुळे कारखान्यावरील शाळा त्यांच्या मुलांना दूर पडते. सहा वर्षांखालील मुलांना अंगणवाडी न मिळाल्यास त्यांना सांभाळणारी मोठी बहीण शाळेबाहेर राहते. चौदा वर्षांनंतर शिक्षण हक्क अधिनियमाचे संरक्षण संपते, आणि माध्यमिक शिक्षण अर्धवट सुटण्याचा धोका याच वयात वाढतो.