आईचा नवा गुडघा आणि रुसलेली मांडी

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आई-बाबा साताऱ्यात. गेल्या जानेवारीत पुण्यात आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांची रजा काढून गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली, तेव्हा 'झालं एकदाचं' म्हणून मीच सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवले. रजा संपली, परत आलो आणि खरी गोष्ट तिथून पुढे सुरू झाली.

तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ कॉल लावला. आई पलंगावर पाय पसरून बसलेली. व्यायामाच्या कागदावरचा पहिलाच प्रकार: गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचला. आईचा चेहरा लाल झाला, पण टाच काही गादीवरून हलेना. "अरे, मी सांगतेय त्याला उठ म्हणून. त्याला ऐकूच जात नाही." यावर मी काय म्हणावं? "आई, आळस करू नकोस. इथले सत्तरीचे लोक महिन्याभरात बसने फिरतात." ती काही बोलली नाही. फोन बाबांकडे दिला.

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. गुडघा हाताला गरम लागतोय, म्हणजे शरीराने धातू नाकारला, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मावशीने भर घातली, की आईला खोट्या दागिन्यांनी कान चिघळायचे, मग हे एवढं लोखंड कसं चालेल? आई घाबरली आणि व्यायाम बंद. ऑपरेशन करून घे म्हणून दोन वर्षं तिच्या मागे लागलेला मीच. त्यामुळे झोप माझीही उडाली.

आमच्या शेजारी एक फिजिओथेरपिस्ट राहते. तिला गाठलं. आईचं वर्णन ऐकून ती म्हणाली, "हा आळस नाही. मांडीला हुकूमच पोहोचत नाहीये."

मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स नावाचा मोठा स्नायू असतो. खुर्चीतून उठायला, जिना चढायला, गुडघा सरळ करायला तोच लागतो. ऑपरेशननंतर सांध्यात सूज आणि पाणी असतं. तिथल्या मज्जातंतूंकडून मज्जारज्जूला 'इथे गडबड आहे' असा निरोप जातो आणि मज्जारज्जू या स्नायूचा पुरवठा दाबून धरतो. आमच्या भाषेत सांगायचं तर यंत्रणा सेफ मोडमध्ये जाते. निरोगी माणसांच्या गुडघ्यात थोडं सलाईन सोडून हे तपासलं गेलंय. दुखत नसतानासुद्धा नुसत्या पाण्याने मांडी ढिली पडते. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली एक मोजमाप प्रसिद्ध केलं. ऑपरेशननंतर साधारण महिन्याभराने या स्नायूची ताकद आधीच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटली होती, पण स्नायू आकाराने फक्त १० टक्के बारीक झाला होता. स्नायू जागेवर आहे, पण मेंदूला तो पुरता वापरता येत नाही. म्हणजे आई जे म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. त्याला ऐकू जात नव्हतं.

हे वाचलं त्या रात्री मला फार लाज वाटली.

आता गरम लागण्याबद्दल. किडनी बदलली की ती शरीर नाकारू शकतं, कारण त्यात दुसऱ्याच्या जिवंत पेशी असतात. गुडघ्यात तसं काही नसतं. मांडीच्या हाडावर बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमचं टोपण, खाली धातूची बैठक, मध्ये पॉलिथिलीनची चकती आणि धरून ठेवायला सिमेंट. म्हणून जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागत नाहीत. पण शरीर गप्प बसतं असंही नाही. हाड कापलेलं असतं, जखम भरायची असते. रक्तातलं सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग काही आठवड्यांत उतरतं. गुडघा मात्र कित्येक महिने कोमट लागू शकतो. ताप, जखमेतून पाणी, वाढती लाली, नव्याने सुरू झालेलं जोराचं दुखणं, यातलं काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जायचं, कारण जंतू धातूवर थर करून बसले की औषधांना दाद देत नाहीत. आईला यातलं काहीच नव्हतं.

खरी कुरबुर होते ती वर्षानुवर्षांनी. चकती झिजते, तिचे डोळ्याला न दिसणारे कण सुटतात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या जी रसायनं सोडतात त्यांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि सांधा सैल पडतो. इथल्याच लँकेशायरमध्ये जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. त्यांनी सुरुवातीला खुब्याच्या सांध्यात टेफ्लॉन वापरलं आणि ते झिजून रुग्णांचे हाल झाले. पुढच्या पदार्थाच्या वेळी त्यांनी टेफ्लॉन आणि पॉलिथिलीन दोन्हींचे नमुने स्वतःच्या मांडीत बसवून पाहिले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिथिलीनच्या जागी जवळजवळ काही नाही. आईच्या गुडघ्यातली चकती त्याच घराण्यातली. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. हे मामांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तोवर मी नाही, गुडघा असेल."

मावशीची शंका मात्र अगदीच टाकाऊ नव्हती. खोट्या दागिन्यांत निकेल असतं आणि कोबाल्ट-क्रोममध्येही ते किंचित असतं. कानाला ॲलर्जी म्हणजे गुडघ्याला होईलच असं नाही, पण ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नव्हतं. यात दोष आमचाच. कागदावर व्यायामांची चित्रं होती, पण 'पहिले काही आठवडे पाय उचलणार नाही, घाबरू नका' एवढी एक ओळ कुणी लिहिली असती तर बरं झालं असतं.

पुढे काय केलं? बाबांनी दिवसातून चार वेळा बर्फ आणि पायाखाली उशी, म्हणजे सूज उतरेल. साताऱ्यातल्या एका फिजिओताईंनी मांडीला विजेचे हलके झटके देणारं यंत्र आणलं. बाहेरून करंट दिला की स्नायू आकसतो आणि मेंदूची ओळख परत जुळायला मदत होते. आई त्याला 'मुंग्यांचं मशीन' म्हणते. रोज माझ्या सकाळी साडेसहाला, तिच्या दुपारी बाराला, कॉल. ती पाय उचलायची, मी मोठ्याने आकडे मोजायचो. सातव्या आठवड्यात टाच गादीवरून सुटली. चार बोटं असेल. बाबांनी मध्येच फोन पाडला.

आता ती माडीचा जिना कठडा धरून चढते. जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही याचं तिला वाईट वाटतं, गौरींच्या वेळी खुर्चीवर बसून फुलवाती केल्या. डावा गुडघा येत्या डिसेंबरात करायचा ठरलाय. तिला सध्यापासूनच मांडीचे व्यायाम सुरू करायला सांगितलेत, आणि निकेलचं डॉक्टरांच्या कानावर घातलंय. मी या वेळी सहा आठवड्यांची रजा टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, "आकडे मोजायला जायचंय."