ताकातले सोबती

केज तालुक्यात युसूफ वडगाव आहे. तेथे दुधाला विरजण लावतात. सकाळी दही होते. हे काम कोण करते? जंतू करतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत.

सगळेच जंतू वाईट नसतात. आतड्यातले चांगले जंतू जागा धरून बसतात. मग हगवणीच्या जंतूंना सहज थारा मिळत नाही. शरीराच्या राखणदार पेशीही जाग्या राहतात. जंतू गिळणाऱ्या पेशी मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने शोधल्या. 1908 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. दह्याची थोरवीही त्याने सांगितली.

पण बाबांनो, ताकात घाण पाणी घातले तर रोगच पोटात जाईल. पाणी उकळून, निववून घाला.

मुलाला जुलाब लागले, तर नुसत्या ताकावर विसंबू नका. 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. ते घोटघोट पाजा. अंगावरचे दूध चालू ठेवा. शौचाला रक्त पडले किंवा मूल मलूल झाले, तर लगेच दवाखाना गाठा.