अप्रेजल फक्त आपलंच?

आपल्याला दरवर्षी मार्क मिळतात. आपले रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांना कोण देतं?

मार्च उजाडला की ऑफिसचा मूडच बदलतो. एरवी बॉसशी वाद घालणारेही एकदम गोड बोलायला लागतात. सेल्फ-रेटिंगचा फॉर्म, टार्गेट, 'इम्प्रूव्हमेंट एरिया'... वर्षभर काय दिवे लावले याचा हिशोब द्यावाच लागतो. नोकरी बदलायची म्हटली तर नवी कंपनी जुन्या बॉसला फोन लावते. पण ज्या रस्त्यावरून तुम्ही रोज ऑफिस गाठता, तो बांधणाऱ्याचं काय?

सगळ्यात स्वस्त, तोच मस्त

सरकारी टेंडरचा आपल्याकडचा फंडा तसा सोपा आहे. आधी पात्रता तपासायची, मग पात्र ठरलेल्यांचे दर उघडायचे. ज्याचा आकडा सगळ्यात कमी तो 'एल-वन'. काम त्याचं!

'अहो, पण अनुभव बघतातच की!' बघतात ना. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये घालून दिलेला नमुना असा: गेल्या सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या ४० टक्के रकमेची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचं एक, तशाच प्रकारचं काम पूर्ण केलेलं हवं. म्हणजे काम किती मोठं होतं ते मोजलं. ते कसं झालं? तिथे यशस्वी पूर्ततेचा दाखला पुरतो. मुदतीत काम संपवणारा आणि दोन वर्षं रखडवणारा, दोघंही हा उंबरठा ओलांडू शकतात. मग पुढे फक्त आकडा बोलतो.

पास, नाही तर थेट काळी यादी

मुंबईत २०१६ मध्ये ३४ रस्त्यांच्या चौकशीत निकृष्ट काम उघड झालं आणि सहा कंत्राटदारांवर गुन्हा नोंदवला गेला. काळ्या यादीची कारवाईही झाली. पण हे झालं शेवटचं अस्त्र. ते उठसूट वापरता येत नाही. बाजू ऐकल्याशिवाय कुणाला काळ्या यादीत टाकायचं नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्येच बजावलं. ही बंदी कायमची असू शकत नाही, हे २०१३ मध्ये सांगितलं. साध्या करारभंगासाठी ती नको, असं २०२४ मध्ये स्पष्ट केलं. बरोबरच आहे, शेवटी प्रश्न कुणाच्या तरी पोटापाण्याचा असतो.

गोची अशी, की 'पास' आणि 'हकालपट्टी' यांच्या मधे फारसं काही नाही. 'काम ठीक, पण नेहमी उशीर' अशा शेऱ्याला फारशी जागाच नाही.

निव्वळ कागदावर विसंबलं की काय होतं, हे मुंबईकरांनी १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पाहिलं. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. त्याआधीच्या ऑडिटने या पुलाला फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवली होती.

अमेरिकन रिपोर्ट कार्ड

हार्वर्डचे प्राध्यापक स्टीव्हन केलमन यांनी १९९० मध्ये एक पुस्तक लिहिलं. सरकार कॉम्प्युटर खरेदी करताना विक्रेत्याच्या आधीच्या कामाकडे काणाडोळा करतं, ही त्यातली एक मुख्य तक्रार. पुढे क्लिंटन सरकारने सरकारी खरेदी धोरणाचं खातं त्यांच्याकडेच सोपवलं! १९९४ च्या कायद्याने 'मागची कामगिरी' हा कंत्राट देतानाचा रीतसर निकष झाला.

त्यातून आलं रिपोर्ट कार्ड. दर्जा, वेळ, खर्च, व्यवस्थापन यांना वेगवेगळे शेरे. 'असामान्य'पासून 'असमाधानकारक'पर्यंत पाच पायऱ्या. कंत्राटदाराला आपलं म्हणणं मांडायची सोय. पुढच्या खात्याचा अधिकारी हे कार्ड उघडून बघणार. त्यामुळे थोडा महाग, पण चोख काम करणारा बाजी मारू शकतो.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. वाईट शेरा दिला की वाद, खुलासे, कागदपत्रं. त्यापेक्षा 'समाधानकारक' लिहून मोकळं झालेलं बरं! ओळखीचं वाटतंय ना? आणि नवख्यांचं काय? रेकॉर्डच नसेल तर तिथे ना प्लस, ना मायनस. आपल्याकडेही स्टार्टअपना अनुभवाच्या अटीत सूट देता येते.

इथे काय हललं?

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एक खिडकी उघडली. 'दर्जा महत्त्वाचा' म्हणून जाहीर केलेल्या कामांत दर्जाला कमाल ३० टक्के वजन देता येतं. सुरुवात चांगली आहे. पण मार्क द्यायचे तर मार्कशीट हवी ना! काम चालू असतानाच दर काही महिन्यांनी शेरा नोंदवा, कंत्राटदाराला उत्तराची संधी द्या आणि ही नोंद सगळ्यांसाठी खुली ठेवा. नाशिकमध्ये रखडलेलं काम ठाण्याच्या अधिकाऱ्याला टेंडर उघडतानाच दिसायला हवं. काळ्या यादीचा दणका देण्याची वेळ मग क्वचितच येईल.

तुमच्या हातात काय?

• कामाच्या जागी फलक असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कंत्राटदाराचं नाव आणि मुदत हाताशी राहते.

• 'दोष दायित्व कालावधी' किती, ते विचारा. तेवढ्या काळात कामातला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

• माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. कार्यादेश, मुदतवाढी, आकारलेला दंड आणि पूर्णत्वाचा दाखला मागा. मार्कशीट तयार नसेल, तर आपणच बनवू की!