कोशाची चादर घरी धुताना

शेजारच्या छत्तीसगडचा कोसा म्हणजे ऐन-अर्जुनाच्या पानांवर पोसलेल्या किड्यांचं रेशीम. रेशीम हे प्रथिन. त्यामुळे डाग खाणारी एन्झाइमवाली पावडर धागाही खाते आणि धुण्याच्या सोड्याने झळाळी जाते. जबलपुरात घरी बोअरचं जड पाणी येत असेल, तर साबणाचा चिकट थर चादरीवर बसतो. तिथे रिठा बरा. मात्र फिक्या रंगावर तपकिरी छटा येऊ शकते, तेव्हा आधी एक कोपरा भिजवून पाहावा. पाणी गारच, फार तर ३० अंश. ओलं रेशीम कमजोर होतं. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावं. वाळवण सावलीत. मे महिन्यातल्या जबलपुरी उन्हात पांढरा कोसा पिवळा पडणारच! जरीकाठ असेल, तर हे सगळं सोडून सरळ ड्रायक्लीनिंगला द्यावी.