न कापता झालेली गुठळी

बोट कापले की थोड्याच वेळात रक्त थिजते. रक्तबिंबिका जखमेपाशी चिकटतात, रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनापासून फायब्रिनचे तंतू बनतात आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात. झाली गुठळी! पण जखम नसताना ती का व्हावी?

१९४० साली लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकीत, तेव्हा लोक आसऱ्यांत रात्री काढीत. पुष्कळजण कापडी आरामखुर्चीत बसूनच झोपत. खुर्चीची लाकडी पट्टी मांडीखाली रुते. त्यांतले काही, बाँब न लागताही, एकाएकी मरण पावले. शवपरीक्षा करणाऱ्या डॉ. कीथ सिम्पसन यांना त्यांच्या फुप्फुस-रोहिणीत गुठळ्या आढळल्या. त्या पायांतील नीलांत तयार होऊन, सुटून, हृदयामार्गे तेथवर आल्या होत्या!

पायांतील रक्त वर ढकलण्यास पोटरीच्या स्नायूंची हालचाल लागते. स्नायू निश्चल आणि वर नीला दाबलेली, मग रक्त साकळणारच. मंद प्रवाह, दुखावलेली वाहिनीची भिंत आणि रक्ताचा गोठण्याकडे वाढलेला कल ही तीन कारणे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने सांगतात. (त्रयी म्हणून ती पुढच्यांनी जुळवली, पण नाव त्यांचेच राहिले.) तिसऱ्या कारणात गर्भारपण, कर्करोग, काही संप्रेरकयुक्त औषधे, आनुवंशिक दोष असे बरेच काही येते. मोठ्या शस्त्रक्रियेत तर तिन्ही कारणे एकत्र येऊ शकतात. म्हणून तर टाके ओले असतानाच डॉक्टर रोग्याला उठवून चार पावले चालायला लावतात.