पाण्यात कोण आहे, हे पॅनेलला ठाऊक नसतं

अमेरिकेत ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियातल्या बऱ्यापैकी सुखवस्तू उपनगरात गेलात, तर अनेक घरांच्या परसात पोहण्याचा तलाव दिसतो. त्याला खेटून, थोडी उंचावर बांधलेली, सहा-सात माणसं बसतील एवढी गरम पाण्याची कुंडी असते. तिला स्पा म्हणतात. पाहुण्यांची नजर या दोन निळ्या आकारांवर खिळते. ज्याच्या जोरावर हे सगळं चालतं तो संसार मात्र घराच्या बगलेत, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, कुंपणाआड मांडलेला असतो: पंप, फिल्टर, गॅसचा हीटर, पाइपांची गुंतवळ आणि भिंतीवर पत्र्याची एक पेटी. हा लेख त्या पेटीबद्दल, म्हणजे कंट्रोल पॅनेलबद्दल आहे.

या पेटीची आजी अजूनही पुष्कळ घरांत टिकटिकते आहे. इंटरमॅटिक कंपनीचं यांत्रिक टायमर: पिवळी तबकडी चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करते आणि तिच्या कडेला स्क्रूने बसवलेले दोन खिळे पंप चालू-बंद करतात. त्याला एवढंच येतं. स्पा हवा असेल तर माणसानं स्वतः जायचं, दोन व्हॉल्व्ह हातानं फिरवायचे, हीटर पेटवायचा, आणि उकाड्यात किंवा पावसात ते करताना शिव्याही घालायच्या. पुढे जँडी, पेंटेअर, हेवर्ड अशा कंपन्यांच्या पॅनेलांनी ही यातायात संपवायला सुरुवात केली. आता घरधनी ऑफिसातून निघताना फोनवर ‘स्पा’ दाबतो आणि घरी पोहोचेपर्यंत पाणी तयार असतं.

त्या एका बटणामागे काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे. तलाव आणि स्पा यांचा पंप, फिल्टर आणि हीटर बहुधा एकच असतो. बटण दाबलं की 24 व्होल्टवर चालणाऱ्या दोन छोट्या मोटरी पाइपातले व्हॉल्व्ह हळूहळू फिरवतात. एक व्हॉल्व्ह पाणी ओढायची बाजू बदलतो, दुसरा परत सोडायची. तलाव मंडलातून बाहेर पडतो, स्पा आत येतो आणि मग हीटर पेटतो. मोठा घरगुती हीटर तासाला 4 लाख बीटीयूचा, म्हणजे सुमारे 117 किलोवॅटचा असतो. दीड हजार लिटरच्या स्पाला 25 वरून 40 अंश सेल्सिअसला न्यायला त्याला साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पण मोटरी अडकल्या आणि दोन्ही व्हॉल्व्ह फिरलेच नाहीत, तर तीच उष्णता पाऊण लाख लिटरच्या तलावात जाते. तिथे तासाला जेमतेम एक अंश वाढतो. हीटर धडधडतो आहे, बिल वाढतं आहे, फोनवर ‘स्पा चालू’ अशी नोंद आहे, आणि कुंडीतलं पाणी गारच.

हा प्रकार नुसता खर्चाचा आहे, जिवावरचा नाही. पण पॅनेलचा स्वभाव त्यातून कळतो. त्याला स्वतःचे हुकूम माहीत असतात; हुकुमाचं पुढे काय झालं ते बऱ्याचदा माहीत नसतं. आणि पाण्यात कोणी उतरलं आहे का, हे तर त्याला मुळीच कळत नाही. घरच्या तलावाच्या सुरक्षिततेचे जवळजवळ सगळे नियम याच एका आंधळेपणाभोवती रचलेले आहेत, असं माझं मत आहे.

तापमानाचंच बघा. पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर अनेक घरांत कुंडीत नसतो, तो पंपाजवळच्या पाइपात बसवलेला असतो. पंप बंद असला की पाइपात साचलेलं पाणी वेगळं आणि कुंडीतलं वेगळं. त्यामुळे पडद्यावरचा आकडा शिळा असू शकतो. अमेरिकेत स्पाची कमाल मर्यादा 104 अंश फॅरनहाइट, म्हणजे 40 अंश सेल्सिअस धरतात. आपलं शरीर 37 अंशांचं असतं. बाहेरचं पाणी त्याहून गरम असलं की अंगातली उष्णता बाहेर जायला वाट उरत नाही आणि घामाचाही उपयोग होत नाही. दोन पेग पोटात असतील तर भोवळ, झोप आणि डोकं पाण्याखाली, इतका सरळ हा उतार आहे. गरोदर बाई, लहान मूल आणि हृदयविकाराचा रुग्ण यांनी तर त्या 104च्या आकड्यावरही विसंबू नये. म्हणून जाणती माणसं उतरण्याआधी पंप काही मिनिटं चालवतात आणि कुंडीत साधा तरंगता थर्मामीटर सोडतात. इतक्या महागड्या यंत्रणेवर देखरेखीला एवढीशी नळी ठेवायची, याचं हसू येईल. पण ती जिथे माणूस बसतो तिथलं पाणी मोजते.

पंपाची ओढ हा याहून गंभीर विषय. मुळात घरातल्या स्पाचा जन्मच पंपवाल्यांच्या हातून झाला. इटलीहून आलेलं जकूझी बंधूंचं कुटुंब कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत आधी विमानांचे पंखे आणि मग विहिरींचे पंप बनवत असे. त्यांपैकी कँडिडो जकूझी यांच्या लहानग्या मुलाला संधिवात होता. इस्पितळात त्याला पाण्याच्या फवाऱ्याचे उपचार मिळत, ते घरीही मिळावेत म्हणून 1948 च्या सुमारास त्यांनी बाथटबमध्ये सोडता येईल असा पंप तयार केला. पुढे तो बाजारात आला, कुटुंबाचं आडनाव वस्तूचं नाव झालं आणि औषधाचं चैनीत रूपांतर झालं. मात्र पाणी जोरानं बाहेर सोडणारा पंप तितक्याच जोरानं ते कुठून तरी ओढत असतो. ती जागा म्हणजे तळाची जाळी.

हिशेब करून बघा. 20 सेंटिमीटर व्यासाचं तोंड, म्हणजे 314 चौरस सेंटिमीटर. त्यावर अर्ध्या वातावरणाइतकी पोकळी तयार झाली तर दीडशे किलोहून जास्त ओढ बसते. 2002 च्या जूनमध्ये व्हर्जिनिया राज्यात ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी स्पाच्या तळाच्या जाळीला अशीच चिकटली. तिच्या आईला तिला ओढून काढता आलं नाही. शेवटी दोन पुरुषांनी जोर लावला तेव्हा जाळीच तुटली. मुलगी वाचली नाही. तिचे आजोबा जेम्स बेकर हे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री. आईनं हे प्रकरण संसदेपर्यंत नेलं आणि डिसेंबर 2007 मध्ये मुलीच्या नावाचा कायदा झाला. तो पुढच्या वर्षअखेरीस लागू झाला. आता तिथे विकली जाणारी प्रत्येक जाळी अंग अडकू नये अशा बेतानं घडवलेली असते, आणि ती किती वर्षं टिकेल हे तिच्यावरच छापलेलं असतं. नव्या बांधकामात तळाची तोंडंही एकाऐवजी दोन असतात, निदान तीन फूट अंतरावर. एक झाकलं गेलं तर पंप दुसऱ्यातून पाणी घेतो.

पण कायद्याचा मुख्य भर सार्वजनिक तलावांवर आहे. जुन्या घरातली वीस वर्षांपूर्वीची सपाट जाळी बदलायला कोणी दारात येत नाही. दुसरी गोष्ट मला त्याहून विचित्र वाटते. पंप तत्काळ बंद करणारं, सहज दिसेल असं आणीबाणीचं बटण स्पाजवळ असावं असा विजेच्या संहितेचा नियम आहे, आणि एका कुटुंबाच्या घराला त्यातून वर्षानुवर्षं सूट दिलेली आहे. म्हणजे जिथे जीवरक्षक नाही, पाटी नाही, पाळत नाही, नेमकी तिथेच सूट. कोणी जाळीला अडकलं तर ओढाताण करायची नसते, आधी पंप बंद करायचा असतो. त्या क्षणी फोन शोधायचा, तो उघडायचा, वायफायची वाट पाहायची, हा क्रम परवडणारा नाही. घरात सूट असली तरी काहीजण ते बटण लावून घेतात. मला तो खर्च दिव्यांच्या रंगीत खेळापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आता वीज. योगायोग म्हणजे तिची गोष्टही बर्कलीतच सुरू होते. तिथल्या विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक किती विजेचा झटका माणसाला सोसतो याचा अभ्यास करत होते. 1961 मध्ये त्यांनी जीएफसीआय हे उपकरण तयार केलं. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत सुमारे 5 मिलिॲम्पिअरचा फरक दिसला की ते क्षणात पुरवठा तोडतं. साधा 20 ॲम्पिअरचा ब्रेकर याच्या चार हजार पट प्रवाह होईपर्यंत स्वस्थ बसतो. त्याचं काम तार वाचवण्याचं, माणूस वाचवण्याचं नाही. अमेरिकेच्या विद्युत संहितेनं हे उपकरण सर्वांत आधी जिथे सक्तीचं केलं, ती जागा म्हणजे तलावातले पाण्याखालचे दिवे, साल 1968. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्याला एकदा दाबायचं असतं. वारंवार पडतो म्हणून जीएफसीआय काढून साधा ब्रेकर बसवणारे महाभाग तिथेही आहेत. तो पडतो तेव्हा बहुतेकदा दिव्यात पाणी शिरलेलं असतं.

याशिवाय बाँडिंग नावाची एक न दिसणारी तार असते. शिडी, कठडा, पंपाचं कवच, काँक्रीटमधल्या सळ्या, अगदी पाणीसुद्धा, एका जाड तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडतात. हे अर्थिंग नव्हे. वीज जमिनीत घालवणं हा तिचा हेतू नसतो. माणूस एकाच वेळी ज्या दोन गोष्टींना शिवेल त्यांच्यात व्होल्टचा फरकच राहू नये, हा असतो. पंप बदलताना नव्या पंपाला ती तार न जोडता निघून जाणारा कारागीर वर्षानुवर्षं पकडला जात नाही, कारण तिच्याविना सगळं झकास चालतं.

रसायनांचं थोडक्यात सांगतो. गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडतं आणि फवाऱ्यातून उडणारे बारीक थेंब थेट फुप्फुसात जातात. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात, नुसतं दाखवायला ठेवलेल्या स्पातून लिजिओनेला हा जिवाणू पसरला आणि किमान 32 माणसं दगावली. त्यात कोणी उतरलंही नव्हतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला तलावासाठी किमान 1 आणि स्पासाठी किमान 3 पीपीएम क्लोरीनचा आहे. पॅनेलला जोडलेले छोटे पंप आम्ल आणि क्लोरीन सोडत असतील तर मुख्य प्रवाह थांबताच तेही थांबले पाहिजेत. नाही थांबले, तर दोन्ही रसायनं पाइपात साचून भिडतात आणि पंप पुन्हा सुरू होताच पाण्यातून क्लोरीन वायू उसळतो. आम्लाचा कॅन पॅनेलखाली ठेवायची सवयही वाईट. त्याच्या वाफेनं पॅनेलमधले, पंप चालू-बंद करणारे रिले गंजतात, आणि गंजलेला रिले कधी चालू अवस्थेतच चिकटून बसतो.

फिल्टर साफ करणाऱ्याला पॅनेलची भीती वेगळ्या कारणानं वाटते. फिल्टरच्या 45 सेंटिमीटरच्या झाकणावर 20 पीएसआयचा दाब असला, तर झाकण सव्वादोन टनांनी वर रेटलं जात असतं. नुसतं पाणी असेल तर निभावतं. आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि पट्टा सैल असला तर झाकण तोफगोळ्यासारखं सुटतं. म्हणून आधी ब्रेकर पाडायचा, वरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा, काटा शून्यावर आलेला पाहायचा आणि मगच पट्ट्याला हात लावायचा. पुन्हा चालू करताना तो व्हॉल्व्ह उघडाच ठेवून दूर उभं राहायचं, त्यातून हवा संपून पाण्याची धार येईपर्यंत. पॅनेलवर ‘ऑटो’शेजारी ‘सर्व्हिस’ अशी स्थिती असते. ती निवडली की वेळापत्रक आणि फोनचे हुकूम अडतात. तरीही जुने कारागीर तिच्यावर भिस्त ठेवत नाहीत. मालक ऑफिसात बसून पार्टीसाठी पाणी गरम करायला निघालेला असू शकतो, आणि इकडे कोणाचा हात फिल्टरमध्ये आहे हे त्याला दिसत नाही. पाडलेल्या ब्रेकरला मात्र वायफाय नसतं.

थंडीतही पॅनेल आपणहून जागं होतं. हवा 36-38 अंश फॅरनहाइटला आली की पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून ते पंप चालवतं. सोय उत्तम, पण विजेवर अवलंबून. फेब्रुवारी 2021 च्या हिमलाटेत टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली आणि ही राखण गेली. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन या भागांत मराठी कुटुंबं बरीच आहेत. तलाव घेतला तेव्हा ॲप सगळ्यांनी शिकून घेतलं होतं. पंप, फिल्टर आणि हीटरच्या तळाचे प्लग काढून पाणी सोडून द्यायचं असतं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. फुटलेले फिल्टर आणि तडकलेले पाइप बदलायला पुढे महिने लागले, कारण साऱ्या राज्याला एकाच वेळी तेच सुटे भाग हवे होते.

आपल्याकडे लोणावळा, कर्जत, अलिबाग आणि गोव्याच्या बंगल्यांत तलाव वाढताहेत. तिथे पॅनेल म्हणजे पंपरूममधला स्टार्टर आणि दोन एमसीबी, आणि चालवणारा केअरटेकर. गोठण्याची भीती नाही, बाकी सगळ्या तशाच. जीएफसीआयचंच काम करणारा 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का आणि पाण्याखालचे दिवे 12 व्होल्टचेच आहेत का, हे दोन प्रश्न बंगला भाड्यानं घेतानाही विचारावेत.

अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे. कॅलिफोर्नियात 2018 पासून नव्या किंवा दुरुस्त होणाऱ्या घरगुती तलावाला सात ठरावीक उपायांपैकी किमान दोन सक्तीचे आहेत: कुंपण, आच्छादन, दाराचा अलार्म वगैरे. पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा दिवसभर नातवासोबत घरात असतात, आणि परसाचं दार उघडलं की कर्कश वाजणारा तो अलार्म त्यांना पहिल्या आठवड्यातच नकोसा होतो. मुलगा किंवा सून आठवणीनं टीव्हीचे दोन रिमोट समजावून देतात. त्याच फेरीत आई-बाबांना घराच्या बगलेतही न्यावं, पंपाचा ब्रेकर दाखवावा, तो त्यांच्याकडून एकदा पाडून घ्यावा, आणि अलार्म का बंद करायचा नाही हे सांगावं.